तारण

पतसंस्थेच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलंय:
सोने तारण कर्ज, पंधरा मिनिटांत.
त्या काचेमागं मी बावीस वर्षं बसतो
आणि रविवारी देवळात, पहिल्या बाकावर.
दोन्हीकडं शब्द एकच.
सहा दिवस मी तो रजिस्टरात लिहितो,
सातव्या दिवशी पाळकसाहेब तो व्यासपीठावरून उच्चारतात,
आणि मला, खरं सांगतो, कधी फरक वाटला नाही.
बाप्तिस्म्याचा दाखला आईनं ट्रंकेत ठेवलेला,
पुढं मी तो लॅमिनेट करून घेतला.
पावती आहे म्हणजे वस्तू सुरक्षित.
वेळ आली की दाखवायची, आत जायचं.

लिदियाबाई आवळे. वसतिगृहात भाकरी थापायच्या.
ठुशी एक, वजन साडेअकरा ग्रॅम, एक मणी कमी.
अक्षर माझंच.
मुलाच्या किडनीसाठी घेतलेलं कर्ज, चार हप्ते भरले,
मग पंचगंगा सुतारमळ्यात शिरली
ती आठ दिवस घरात बसून राहिली.
बाई भावाकडं कदमवाडीला गेल्या.
नोटीस परत आली: या पत्त्यावर राहत नाही.

मला पत्ता माहीत होता.
माझ्या मागं तिसरा बाक, खिडकीकडची कड.

मी शेरा मारला, नियमानुसार लिलावास पात्र.
गुरुवारी लिलाव झाला, रविवारी प्रभुभोजन.
मी मंडळीचा वडील, पेल्यांचं तबक माझ्या हातात.
त्यांनी पेला उचलला, म्हणाल्या, सलाम वायदंडेसाहेब.
तबक हललं नाही.
पुढं कित्येक रात्री मला तेच सोसेना,
की हललं नाही.

आमच्या सराफाकडं काळा दगड असतो.
दागिना घासायचा, रेघ उमटते,
रेघेवर तेजाबाचा एक थेंब.
खोटं असेल तर रेघ उडून जाते,
दागिना मात्र हातात तसाच चकाकत राहतो.
नाताळच्या आठवड्यात अशाच एका उडालेल्या रेघेकडं
बघत बसलो. गिऱ्हाईक खोकलं.

गुजरीत विचारलं. आटवली हो, केव्हाच.

मग कदमवाडी. सगळं सांगितलं, शेऱ्यासकट.
बाई तांदूळ निवडत होत्या,
खडा सापडेस्तोवर बोलल्या नाहीत.
नोटीस आली असती तरी पैसं कुठनं आणणार हुते मी, म्हणाल्या.
मग म्हणाल्या, पर तू सांगायचं हुतंस.
उठल्या. काड्यापेटीतनं कापसात गुंडाळलेला मणी काढला,
तोच, कमी असलेला,
लग्नाच्या वर्षीच तुटून पडलेला,
आणि माझ्या तळव्यावर ठेवला.
नवी हुईस्तवर ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. तारण म्हणून.

बाई, म्हटलं, ज्याचं देणं असतं, तारण त्यानं ठेवायचं असतं.
बावीस वर्षांचा कारकून मी, दुसरं काय बोलणार.

ते तुमच्या हापिसात, म्हणाल्या,
आणि पुन्हा तांदळाकडं वळल्या.

तबक आता मी धरत नाही.
पाळकसाहेब कृपेविषयी बरंच बोलले, दारात उभं राहून,
ते खरंच असणार. मला फक्त
माझ्या खिशातलं वजन ठाऊक आहे.
वाकलो की कळतं.
शनिवारी सुटल्यावर परत आलेल्या नोटिसा घेऊन
स्कूटरवर निघतो. मॅनेजरना हे पसंत नाही.
परवा शिंगणापूर, त्याआधी उजळाईवाडी.
कुणी चहा ठेवतं. कुणी कुत्रं सोडतं.
एकदा एका म्हाताऱ्यानं कागद वाचून परत दिला,
म्हणाला, पोचलं म्हणून लिवा.
दाखला ट्रंकेतच आहे, बघितला नाही पुन्हा.

पगार झाला की गुजरीत थोडं सोनं जमा करतो.
अजून पाच महिने तरी लागतील.
सोनारानं विचारलं, मणी किती धरू?
जुनीला होते तेवढेच.
म्हणजे किती?
पट्टी भरून, म्हटलं,
आणि एक कमी.